बाटग्याचा जबाब

अवसरी बुद्रुकच्या आमच्या घराला दोन धर्मांची सोयरीक आहे. वडिलांची बाजू १९५६ नंतरची बौद्ध. आजोळ नगर जिल्ह्यातले, तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. मूळ जात दोन्हीकडे एकच, महार. बहिणीच्या लग्नाला मामा आले होते. मांडवात गावातल्या एका वजनदार गृहस्थाने त्यांना विचारले, "पाव्हणं, किती पोती गव्हाला बाटला तुमचा आजा?" मामा हसले. म्हणाले, "आम्ही पण मराठीच आहोत, दादा. आमच्या देवळातसुद्धा अभंगच म्हणतात." मांडव हसला. त्या हसण्यात माझे वडीलही होते. हे मी मुद्दाम नोंदवतो आहे. याच गावाने वडिलांना "सवलतीसाठी बुद्ध झाले" म्हणून वर्षानुवर्षे हिणवले होते, आणि तरीही त्या दिवशी ते हसले.

मामांचा तो जबाब मला पुढे मराठी ख्रिस्ती वाङ्मयात जागोजाग भेटला. ख्रिस्ती माणसाने भोवतालच्या वैराला कसे तोंड द्यावे, या प्रश्नाचे मराठीतले सर्वांत प्रतिष्ठित उत्तर तेच आहे: आम्ही परके नाही, ही पाहा आमची ओवी, हा पाहा आमचा अभंग. हे उत्तर खोटे आहे असे मी म्हणत नाही. ते भलत्याच प्रश्नाचे उत्तर आहे, एवढेच मला म्हणायचे आहे.

कारण गव्हाच्या पोत्याचा प्रश्न धर्माचा नाही. तो जातीचा आहे. ब्राह्मण ख्रिस्ती झाला तर समाज त्याला भ्रष्ट म्हणतो, वाळीत टाकतो, त्याच्या नावाने रडतो. पण त्याने विचार करून धर्म बदलला हे मनातून मान्य करतो. महार ख्रिस्ती झाला तर तो विकला गेला, असे धरूनच बोलणे सुरू होते. महाराला भूक असते, बुद्धी नसते, हे त्यामागचे गृहीत. त्याला अभंग ऐकवून काय होणार?

रेव्हरंड नारायण वामन टिळकांचेच उदाहरण घेऊ. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि आयुष्यभर ख्रिस्ताला मराठी अंगरखा चढवण्याची धडपड केली. अभंग लिहिले, 'ख्रिस्तायन' ओवीत रचायला घेतले. १९१७ साली मिशनची चाकरी सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही जागा दिली. गोऱ्या मिशनऱ्यांच्या वर्चस्वाविरुद्धचे हे बंड खरे होते आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण त्यांनी चर्चमध्ये जे 'देशी' आणले ते कोणाचे देशी होते? वारकऱ्यांचा अभंग चर्चमध्ये आला, आणि त्या परंपरेत चोखोबा महाद्वाराच्या बाहेर पायरीशी आहे. अभंगाबरोबर त्या पायरीचा प्रश्न आत आला काय? माझ्या वाचनात तरी तो फारसा आला नाही. नगरच्या मिशनभोवती जमलेल्या ख्रिस्ती जनतेत महार-मांग बहुसंख्य होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही उणीव किरकोळ वाटत नाही.

आता जवळचे उदाहरण. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०१९ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले, तेव्हा हिंदुत्ववाद्यांनी विरोध केला, धमकीचे फोनही आले. 'सुबोध बायबल'सारखा ग्रंथ मराठीला देणाऱ्या, वसईच्या हिरव्या पट्ट्यासाठी रस्त्यावर उतरलेल्या माणसाला मराठीपणाचा पुरावा मागितला गेला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादला, म्हणजे आताच्या धाराशिवला, दिब्रिटो गेले. पाठीच्या दुखण्याने हैराण असतानाही बोलले आणि त्यांनी समाजातल्या हिंसेचा निषेधही केला. हा निर्भयपणा होता. २०२४ साली ते गेले तेव्हा मला वाईट वाटले. पण त्या वादात त्यांच्या बाजूने लिहिलेले लेख आठवून पाहावेत. बहुतेकांचा सूर असा, की फादर संतवाङ्मयाचे अभ्यासक आहेत, सौम्य आहेत, आपल्यातलेच आहेत. म्हणजे सौम्य आणि संतप्रेमी नसते तर विरोध योग्य ठरला असता की काय? बचाव करणारासुद्धा नकळत त्याच कचेरीतला कारकून होतो, ज्या कचेरीत दाखले तपासले जातात.

दुसरे उत्तर उपासनेतून येते: सोसा. दुसरा गाल पुढे करा, छळ हा आशीर्वाद समजा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांवरचे लेखन त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात १९८९ साली प्रसिद्ध झाले. ते प्रत्येक पाळकाने वाचावे असे आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की धर्मांतरिताला त्याच्या दुःखाचे कारण त्याच्या पापात शोधायला शिकवले गेले, भोवतालच्या समाजरचनेत नाही. त्यामुळे ती रचना मोडायची ऊर्मीच त्याच्यात उरली नाही. हे वाचताना मला मामांचे ते हसू आठवते.

बरे, ख्रिस्ताने तरी नुसते सोसले काय? योहानाच्या शुभवर्तमानात प्रमुख याजकासमोर एक शिपाई त्याला चपराक मारतो, तेव्हा तो गप्प बसत नाही. माझे बोलणे चुकले असेल तर दाखव, बरोबर असेल तर मारलेस का, अशा अर्थाचा सरळ सवाल करतो. पौलाची फिलिप्पैची गोष्ट तर आमच्या चळवळीत शोभावी अशी आहे. चौकशीवाचून फटके मारून तुरुंगात टाकल्यावर अधिकारी निरोप धाडतात, आता गुपचूप निघून जा. पौल म्हणतो, आम्ही रोमी नागरिक आहोत. फटके चारचौघांत मारलेत, आता स्वतः या आणि बाहेर काढा. अधिकाऱ्यांना यावे लागते. १९२७ साली महाडला चवदार तळ्यावर चाललेल्या पायांना हा माणूस परका वाटला नसता.

असा सवाल मराठीत एका मुलीने फार पूर्वी केला आहे, आणि तो छापला एका ख्रिस्ती पत्राने. १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये जोतिबांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध आला. ज्या धर्माचे ग्रंथ वाचायची आम्हाला बंदी, तो आमचा कसा, असे ती चौदा वर्षांची मुलगी विचारते. तिने कोणाकडून दाखला मागितला नाही. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने हा वारसा आपला म्हणून का मिरवला नाही, याचे मला नवल वाटते.

लक्ष्मीबाई टिळकांनी तो आपल्या परीने चालवला, असे मी म्हणेन. 'स्मृतिचित्रे' मोठे पुस्तक आहे ते यासाठी, की तिथे ख्रिस्ती बाई हिंदूंना पटवायला बसलेली नाही. नवऱ्याच्या बाप्तिस्म्यानंतरही आपले सोवळे कसे चिकटून राहिले आणि पायरीपायरीने कसे गळाले, ते ती हसत हसत सांगते. जात आपल्यात होती, हे ती कबूल करते. पण तिथेही महार ख्रिस्ती दिसतो तो ब्राह्मण बाईच्या नजरेतून. ज्या नगर जिल्ह्याने १९७८ साली 'बलुतं' दिले, त्या जिल्ह्यातल्या ख्रिस्ती महाराचे त्या ताकदीचे आत्मकथन माझ्या पाहण्यात नाही. अरविंद निर्मल यांनी १९८१ साली बंगलोरच्या धर्मविद्यालयात जातीचा प्रश्न ईशज्ञानाच्या मध्यभागी आणला, ब्राह्मणी परंपरेभोवती घोटाळणाऱ्या भारतीय ख्रिस्ती चिंतनाला आव्हान दिले. महाराष्ट्राच्या मातीतून गेलेल्या या माणसाला ते इंग्रजीत मांडावे लागले.

हे मौन केवळ भित्रेपणाचे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो मिळाला, ख्रिस्त्यांना नाही. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढा म्हटले, तेही बासनात पडले. महाराष्ट्रात अशा ख्रिस्त्यांना इतर मागासवर्गात जागा आहे, पण अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षण मिळत नाही. म्हणून कित्येक घरांत शाळेच्या दाखल्यावर एक धर्म आणि रविवारी दुसरा. २००८ साली ओडिशात कंधमालमध्ये घरे जळाली तीही पाण दलितांची आणि आदिवासींची. मारणाऱ्याला जात बरोबर कळते. कागद मात्र ती विसरायला लावतो. इथे आम्हा बौद्धांचाही जबाब घेतला पाहिजे. १९९० साली आपले काम झाले आणि आपण मागे वळून पाहिले नाही. माझे वडील मांडवात हसले, ते एकटे नव्हते.

गेल्या नाताळात मी मामांकडे गेलो होतो. त्यांच्याजवळ चाळीस पानांची वही आहे. स्वतः रचलेली गीते, सगळी सुरेख, एकातही महारवाडा नाही. मी म्हटले, "मामा, आता गद्य लिहा. आजोबांच्या हातावर पाणी वरून कोण ओतत होते, इथून सुरुवात करा." बराच वेळ ते वही चाळत बसले. मग म्हणाले, "लिहीन रे. पण वर नाव कोणतं घालू? दाखल्यावरचं, की मंडळीतलं? दाखल्यावरचं घातलं तर मंडळी विचारील. मंडळीतलं घातलं तर पोराच्या नोकरीचं काय?"

मी उत्तर दिले नाही. त्यांनी वही उशीखाली ठेवली.