गवयाचे नाव आणि श्रोत्यांची ठेव

गवयाचे नाव होणे ही पूर्वी त्याच्या साधनेची अखेरची पायरी समजली जाई. हल्ली ती पहिली होऊ पाहत आहे. षड्ज स्थिर होण्यापूर्वी छायाचित्रे निघतात, नावामागे पदवी जोडली जाते, गाण्याच्या चिमुकल्या चित्रफिती घरोघरी पोहोचतात. देवस्थानाच्या उत्सवात कोणास पाचारण करावे हे ठरवताना मंडळी गळ्याची चौकशी मागाहून करतात. अनुयायी किती, हे आधी विचारतात. ह्या साऱ्या खटाटोपाला ‘ब्रँड उभा करणे’ म्हणतात. त्याची टवाळी करणे सोपे आहे, आणि जुन्या मैफली आठवून उसासे टाकणे त्याहूनही सोपे. आम्हांस ह्या दोहोंतही स्वारस्य नाही. नाव म्हणजे नेमके काय आणि त्याचा खरा धनी कोण, एवढाच प्रश्न आम्ही येथे तपासू इच्छितो.

जाहिरात कलावंताला नवी नाही. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजान यांच्या ध्वनिमुद्रिका निघाल्या, तेव्हा गाणे संपताच त्यांनी आपले नाव इंग्रजीतून उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हर येथे तयार होत. कोणती कोणाची हे तेथल्या कारागिरांस ओळखता यावे, हा त्यातला साधा हेतू. परंतु तबकडी गेली तेथे तेथे ते नावही गेले. पुढे बालगंधर्वांच्या शालूची आणि गजऱ्याची ढब मराठी घरांतल्या स्त्रियांनी उचलली. रंगमंचाची मर्यादा ओलांडून गेलेली ती कीर्ती आजच्या भाषेत ब्रँडच होय. तेव्हा नाव पसरणे किंवा पसरवणे हा दोष मानता येत नाही.

व्यापारचिन्हाच्या कायद्याचा गाभा पाहिला तर ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. माल कोणाकडून आला हे चिन्ह सांगते, आणि गिऱ्हाइकाची फसगत होऊ नये म्हणून कायदा त्याचे रक्षण करतो. चिन्ह म्हणजे माल नव्हे. दुकानाची जी पत असते, ती दुकानदार आपली म्हणून सांगतो, तिची किंमतही लावतो. पण तिचा वास असतो गिऱ्हाइकाच्या मनात. गवयाच्या नावाची गत ह्याहून वेगळी नाही. श्रोत्यांनी विश्वासाने त्याच्यापाशी ठेवलेली ती ठेव आहे. तिचा उपयोग त्याने अवश्य करावा. ती उधळण्याचा अधिकार मात्र त्याला नाही.

गोमंतकातल्या थोर गायकांची नावेच ह्या दृष्टीने पाहावीत. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर. मंगेशीस १९०० साली जन्मलेल्या दीनानाथांनी तर गावावरूनच मंगेशकर हे आडनाव घेतले. जितेंद्र अभिषेकींच्या आडनावात मंगेशाच्या अभिषेकाची वंशपरंपरागत सेवा आहे. ‘मी कोण’ ह्यापूर्वी ‘मी कोठला’ हे सांगणारी ही नावे. कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की त्याच्या खुणा तेवढ्या वर येतात. गाव बुडाले, पण मोगूबाईंमुळे त्याचे नाव श्रोत्यांच्या ओठी राहिले.

ही नावे कशी झाली? केसरबाई १९२१ पासून अल्लादियाखाँसाहेबांपाशी शिकू लागल्या, आणि गाणे हा व्यवसाय झाल्यावरही १९४६ साली खाँसाहेब निवर्तले तोवर त्यांचे शिकणे सुटले नाही. ध्वनिमुद्रिका त्यांनी मोजक्याच दिल्या. १९७७ साली व्हॉयेजर ह्या अमेरिकन यानांबरोबर पृथ्वीवरचे निवडक संगीत अवकाशात धाडण्यात आले, त्यात त्यांची भैरवी होती. तिची लांबी अवघी साडेतीन मिनिटे. आजच्या चित्रफितींवर त्या आखूड असतात असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. आखूडपणात उणे काही नाही. त्या साडेतीन मिनिटांच्या मागे पंचवीस वर्षांची तालीम उभी होती. प्रश्न एवढाच, की आजच्या अर्ध्या मिनिटामागे काय उभे आहे?

ह्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण बेळगावजवळच्या सुळेभावीचे. तेथे १९२४ साली जन्मलेल्या शिवपुत्र कोमकळी ह्या मुलास ‘कुमार गंधर्व’ ही पदवी बालवयातच मिळाली. थोरथोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका तो हुबेहूब गाऊन दाखवी आणि सभा स्तिमित होत. नाव झाले होते, गर्दी होती. कायद्याच्या भाषेत बोलायचे तर चिन्ह स्वतःचे आणि माल दुसऱ्यांचा होता. एवढ्यावर जन्म काढणे अशक्य नव्हते. पण मुंबईस प्रा. देवधरांकडे त्यांनी रीतसर शिक्षण घेतले. १९४८ साली क्षयाच्या आजारात ते देवासला आले आणि काही वर्षे मैफलीस मुकले. त्या सक्तीच्या मौनात माळव्याची लोकगीते त्यांच्या कानी पडत राहिली, आणि पुढे त्यांतून त्यांचे नवे राग उगवले. व्यासपीठावर नसण्याचा काळच त्यांच्या नावाला अर्थ देऊन गेला. महिनाभर दिसलो नाही तर लोक विसरतील, ह्या भयाने ग्रासलेल्या तरुण गायकांनी हे मनाशी धरावे.

आता दोष सर्वस्वी गायकांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. आपल्या देवस्थानांकडेही वळले पाहिजे. केसरबाई आणि मोगूबाई ज्या कलावंत घराण्यांतून आल्या, तेथल्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या गोमंतकातल्या देवळांत गायनाची सेवा केली. सेवा सर्वांनी घेतली. प्रतिष्ठा देताना मात्र समाजाचा हात आखडला. गावाने आडनाव दिले, मान मिळवण्यासाठी मुंबईची वाट धरावी लागली, आणि ‘सूरश्री’ ही पदवी केसरबाईंना मिळाली ती १९४८ साली, दूर कलकत्त्यास. आज त्याच नावांचा अभिमान आपण उत्सवाच्या व्यासपीठावरून मिरवतो, तेव्हा दुसऱ्यांनी जपलेली ठेव आपल्या खाती मांडत असतो. ज्याचे नाव अगोदरच झाले आहे त्यालाच बोलवायचे, ही आजची रीत त्या जुन्या कृपणतेचेच नवे रूप आहे असे आम्हांस वाटते.

उपाय फार खर्चाचे नाहीत. उत्सवाची एक रात्र दरवर्षी आसपासच्या अप्रसिद्ध गायक-गायिकांसाठी राखावी, आणि तेच गायक चार-पाच वर्षे पुन्हा पुन्हा ऐकावेत. कारण श्रोता एका बैठकीत घडत नाही, आणि गायकही नाही. सत्कार आणि भाषणे आटोपती घ्यावीत, म्हणजे विलंबित ख्यालाला घड्याळाकडे पाहावे लागणार नाही. आणि देवळात ज्या स्त्रियांनी गायनसेवा केली त्यांची नावे जेथे ठाऊक असतील, तेथे ती देणगीदारांच्या फलकाशेजारी सन्मानाने कोरावीत.

नाव देणे आजही श्रोत्यांच्याच हाती आहे. तो अधिकार आपण होऊन आकड्यांच्या स्वाधीन केल्यावर गाणे उतरले म्हणून तक्रार करण्याचा हक्क आपल्याला उरणार नाही.