बहिणाबाईंच्या गाण्यांतील घर : नाव, नाते आणि काम

बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची गाणी १९५२ साली सुचित्रा प्रकाशनातर्फे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेमुळे सबंध महाराष्ट्राचे लक्ष त्यांच्याकडे वेधले गेले. तेव्हापासून या गाण्यांवर जे लेखन झाले, त्यातील बहुतेकांचा रोख एकच आहे : निरक्षर शेतकरी स्त्रीच्या मुखातून उमटलेले जीवनविषयक तत्त्वज्ञान. हा रोख सर्वस्वी चुकीचा आहे असे नाही. परंतु त्याचा एक अनिष्ट परिणाम असा झाला, की गाण्यांतील दोन-दोन ओळी सुटय़ा करून सुभाषिताप्रमाणे वापरण्याची सवय वाचकांस जडली. शालेय पुस्तकांनी ती वाढविली. १९६१ सालच्या ‘मानिनी’ या चित्रपटातून ही गाणी घरोघर पोचली, तीही बव्हंशी याच रूपाने. सुभाषित तेवढे उचलले, की मागे राहते ते घर. जाते, चूल, तवा, मोट, खळे हे सारे मग केवळ दृष्टांताचे साहित्य ठरते. तत्त्व हाती आले की दृष्टांत टाकून द्यावयाचा, हा आपल्याकडील निरूपणाचा जुना रिवाज आहे. बहिणाबाईंच्या बाबतीत तो लागू करणे म्हणजे फोल ठेवून दाणे उधळणे होय.

या गाण्यांत सणवार नाहीत असे नाही. गुढी आहे, पोळा आहे, आखाजी आहे. पण पुष्कळशी गाणी ज्या दिवसांची आहेत, त्या दिवसांना पंचांगात नाव नाही. पहाटेचे दळण, ओल्या सरपणाची चूल, दुपारचे शेत, हंगामाप्रमाणे पेरणी, कापणी, रगडणी, उपणणी. असा कोणताही एक आठवडा दुसऱ्यासारखाच. या आठवड्यात घर आणि शेत यांमध्ये उंबरठा आहे, पण भिंत नाही. घराचा धान्याशी असलेला संबंध खळ्यावर सुरू होतो आणि ताटात संपतो, आणि त्या वाटेवरील प्रत्येक मुक्कामावर एक गाणे आहे. ही गाणी अनुभवाचे ‘वर्णन’ करतात असे म्हणणे पुरेसे नाही. ती बहुधा कामाबरोबर म्हटलेली आहेत, आणि कामाची लय व कामाचा तर्क हा त्यांच्या रचनेचाच भाग आहे. हा तर्क कोणता, हे ‘घरोट’ या गाण्यावरून सर्वांत चांगले उमजते.

घरोट म्हणजे जाते. या गाण्यात बहिणाबाई जात्याच्या नावावरच हरकत घेतात. ज्याच्यातून पीठ ‘येते’ त्या वस्तूला ‘जाते’ म्हणावे कसे, असा त्यांचा प्रश्न आहे. ही कोटी ऐकून श्रोता हसतो आणि बहुतेक टीकाकार तिला चमत्कृती म्हणून पुढे सरकतात. वास्तविक येथे थांबले पाहिजे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने ‘जाते’ हे नाम आणि ‘जाते’ हे क्रियापद यांचा परस्परांशी काहीएक संबंध नाही. नामाचे मूळ ‘यंत्र’ या संस्कृत शब्दात आहे, क्रियापदाचे ‘या’ या धातूत. दोन भिन्न शब्द कालौघात झिजून एकाच रूपास आले. हा योगायोग बहिणाबाईंनी कानाने टिपला आणि त्याचे रूपांतर आक्षेपात केले. ‘घरोट’ या शब्दाचेही तसेच. त्याचा पूर्वज संस्कृत कोशांतील ‘घरट्ट’ हा शब्द. ‘घर’ या शब्दाशी त्याचे नाते नाही. तथापि बोलणाऱ्याच्या कानाला त्यात ‘घर’ ऐकू येते आणि दगडावर दगड फिरल्याची ‘घरघर’ही. जो शब्द वस्तूच्या कामाच्या उलट बोलतो तो टाकावा आणि जो कामाचा आवाजच उच्चारतो तो ठेवावा, अशी ही निवड आहे. शास्त्रज्ञ हिला लोकव्युत्पत्ती म्हणतील. मात्र लोकव्युत्पत्ती म्हणजे अज्ञान, ही समजूत आता मागे पडली आहे. भाषा बोलणाऱ्यांना आपल्या शब्दांचा हिशेब लागावासा वाटतो, त्याची ती खूण असते.

या एका कोटीने आणखी एका प्रश्नाचा निकाल लागतो. बहिणाबाईंची भाषा अहिराणी, असे आजही सर्रास लिहिले जाते. अगदी विद्यापीठीय प्रबंधांतही. खानदेश जिल्ह्याचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. पूर्वेचा पुढे जळगाव जिल्हा झाला व पश्चिमेचा धुळे. धुळ्याकडे आणि जळगाव जिल्ह्याच्या पश्चिम तालुक्यांत अहिराणी आहे. ग्रिअर्सनच्या भाषासर्वेक्षणात ‘खानदेशी’चा समावेश मराठीच्या खंडात न होता १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या भिल्ली भाषांच्या खंडात झाला, हेही येथे लक्षात घ्यावे. बहिणाबाईंचे माहेर आसोदा आणि सासर जळगाव. या पट्ट्यातून पुढे भुसावळ, यावल, रावेरकडे लेवा पाटीदार समाजाची बोली, म्हणजे लेवा गणबोली, बोलली जाते. ती पूर्वेकडच्या वऱ्हाडीला आणि मराठीला अधिक जवळची. ‘ळ’चा ‘य’ होणे, ‘ले’ हा चतुर्थीचा प्रत्यय, ‘पाहीसन’सारखी पूर्वकालवाचक रूपे ही दोहोंत समान असल्यामुळे घोटाळा होतो. पण अहिराणीत वर्तमानकाळाचे रूप ‘जास’, ‘करस’ असे सकारान्त असते. ‘जाते’ या रूपावर तेथे कोटी होणेच शक्य नाही. शिवाय धुळ्याकडे जात्याला ‘घट्या’ म्हणतात. ज्या बोलीत ‘येतं’ आणि ‘जातं’ ही जोडी जिभेवर आहे, त्याच बोलीत हे गाणे जन्मू शकते. षष्ठीचा प्रत्ययही हेच सांगतो. आखाजी‘चा’ सण म्हणणारी स्त्री आणि आखाजी‘ना’ सण म्हणणारी स्त्री शेजारच्या तालुक्यांतील असतील, पण त्यांचे व्याकरण वेगळे आहे. धुळ्याच्या अभिमानाला यामुळे धक्का लागण्याचे कारण नाही. २०११ च्या जनगणनेत सुमारे १८ लाख ६० हजार लोकांची नोंद ज्या खानदेशीखाली झाली, तिला उसन्या कवयित्रीची गरज नसावी.

‘कशाला काय म्हणू नही’ हे गाणे या दृष्टीने ‘घरोट’चा विस्तार होय. अमुक नसेल तर तमुक म्हणू नये, अशी ही नकारात्मक व्याख्यांची माळ आहे. ज्यातून कापूस उलत नाही ते बोंड नव्हे, हा तिचा प्रारंभ. कपाशीच्या मुलुखातील ऐकणारा हे वाक्य नीतिपाठ म्हणून ऐकत नाही, तो ते पिकाचे निदान म्हणून ऐकतो. बोंडाने उलावे, नपेक्षा ते झाडावर असून नसल्यासारखे. वस्तूला नाव मिळते ते तिच्या आकारावरून नव्हे, ती जे काम करते त्यावरून, ही धारणा येथे सिद्धान्ताच्या भाषेत न येता शेताच्या भाषेत येते. एवढे मात्र स्पष्टपणे सांगितले पाहिजे, की ही माळ सर्वत्र सारख्या मण्यांची नाही. हरिनाम न घेणारे तोंड तोंड नव्हे, असे म्हणताच तर्क ढिला पडतो. तोंडाचे काम कोणते याचा निर्णय तेथे अनुभवाने न होता परंपरेने झालेला आहे. अशी उपदेशाची कडवी वगळून वाचले, तर गाणे अधिक घट्ट होते.

हाच तर्क नात्यांना लागू झाला की ‘योगी आणि सासुरवाशीण’ हे गाणे तयार होते. माहेरच्या वाटेने जाणाऱ्या स्त्रीला योगी विचारतो, की नांदावयाचे सासरी, मग माहेराचे एवढे कौतुक का? ती जे उत्तर देते त्याचा आशय असा : मुलीला माहेर असावे म्हणून तिची आई स्वतः सासरी नांदत असते. या उत्तराला वात्सल्याचे, त्यागाचे उदाहरण म्हणून पुष्कळ गौरविण्यात आले आहे. त्याचे बळ खरे पाहता शब्दार्थात आहे. ‘माहेर’ म्हणजे मातृगृह, ‘सासर’ म्हणजे श्वशुरगृह. एकाच वास्तूला आई सासर म्हणते आणि लेक माहेर. ही दोन घरे नव्हेत. एकाच घराची, बोलणारी बदलताच बदलणारी ही दोन नावे आहेत. योग्याचा प्रश्न दोन स्वतंत्र घरे गृहीत धरून विचारलेला आहे, आणि सासुरवाशीण त्याचे ते गृहीतच काढून घेते. योगी घर सोडून आलेला, म्हणून त्याला हे व्याकरण ठाऊक नाही. गाण्याला तसे म्हणावेही लागत नाही.

‘संसार’ या शब्दाच्या बाबतीत टीकाकारांनी बहुधा योग्याचीच बाजू घेतलेली दिसते. संस्कृतात हा शब्द जन्ममरणाच्या फेऱ्याचा वाचक आहे. संतवाङ्मयातही पुष्कळदा तसाच. पण मराठी स्त्री ‘संसार मांडते’, ‘संसाराची भांडी’ घेते. तेथे संसार म्हणजे चूल, तवा आणि चार माणसे. बहिणाबाईंच्या सर्वश्रुत गाण्यात तव्याचा चटका आधी आणि भाकर मागून असा जो क्रम आहे, तो प्रथमतः स्वयंपाकातील घटनांचा क्रम आहे. तवा तापल्याविना भाकर होत नाही आणि तापलेला तवा बोटांची गय करीत नाही. दुःखानंतर सुख येते, असे त्याचे भाषांतर करताच वाक्य खोटे होते. चटका उद्याही बसणार आहे, परवाही. आठवड्याच्या सातही दिवशी त्याचा क्रम तोच. हे ओळखून म्हटलेल्या गाण्यात तक्रार नाही, ही गोष्ट जितकी महत्त्वाची, तितकीच त्यात आश्वासन नाही हीही.

मग या घरात सुख कोठे आहे? तिसाव्या वर्षी वैधव्य आलेल्या, प्लेगने थोरल्या मुलाला अपंग केलेले पाहिलेल्या स्त्रीच्या घरी हा प्रश्न सहज विचारण्यासारखा नाही. सुखाचे वर्णन तेथे क्वचितच आढळते. त्याची जागा संबोधनात आहे. बहिणाबाई घरोटाला ‘अरे’ म्हणतात, संसाराला ‘अरे’ म्हणतात आणि पेटता पेटत नसलेल्या चुलीलाही सोडीत नाहीत. धुराने जीव घाबरा करणाऱ्या चुल्ह्याला त्या विचारतात, की तू तर इस्तवाचा धनी, मग तुलाच हीव कसे भरले? ‘इस्तव’ म्हणजे विस्तव, ‘हीव’ म्हणजे थंडी. ज्याच्याजवळ बसून इतरांनी ऊब घ्यावयाची, तोच कुडकुडतो आहे! डोळ्यांत धूर गेलेला असताना सुचलेला हा विनोद आहे, आणि तो विनोद हेच त्या सकाळचे सुख. तो चुल्हा पेटवीत नाही. पण फुंकर घालणाऱ्या बाईला एकटीही ठेवीत नाही. भांड्याकुंड्यांशी असे बोलणे ही अलंकारशास्त्रातील चेतनगुणोक्ती खरीच, परंतु एकट्या बाईच्या घरात ती अलंकार म्हणून येत नाही.

याच निकषावर ‘मन’ हे अतिशय लोकप्रिय गाणे काहीसे मागे पडते, असे म्हणणे धाष्टर्याचे वाटले तरी प्राप्त आहे. उभ्या पिकात शिरणाऱ्या गुराची प्रतिमा अस्सल आहे, कारण तिच्यात हाकलण्याचे आणि पुन्हा पुन्हा हाकलण्याचे काम आहे. ते काम जिने केले तिलाच ती सुचावी. पुढे मन खसखशीच्या दाण्याएवढे होते, लगेच आभाळातही मावेनासे होते. तेथे हाताला काम उरत नाही, केवळ मापे उरतात, आणि अशी मापे दुसऱ्या कोणाही कवीला सुचू शकतील. सुभाषितप्रिय वाचकाला हेच गाणे सर्वाधिक आवडावे, यात नवल नाही.

आखाजीचे, म्हणजे अक्षय्यतृतीयेचे, गाणे या साऱ्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. खानदेशात या सणाचे महत्त्व दिवाळीहून उणे नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात; धुळ्याकडील अहिराणी मुलुखात गौराई बसते आणि तिची गाणी बायका मिळून म्हणतात. त्या सामूहिक गाण्यांत गाणारी एक नसते, म्हणून सण संपतो तेव्हा कोणा एकीचा संपत नाही. बहिणाबाईंच्या गाण्यात झोका आहे, फुगडी आहे, शब्दाची आवृत्ती करीत हेलकावे घेणारी चालही आहे. पण ते गाणे झोक्यावर संपत नाही. सण सरल्यावर एक सखी दुसरीला विचारते, की आता आखाजी पुन्हा केव्हा? या प्रश्नाचे उत्तर दोघींनाही ठाऊक आहे. वर्ष उलटल्यावर. मधले सारे आठवडे घरोटाचे आणि चुल्ह्याचे.

राहता राहिला पाठाचा प्रश्न. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. सोपानदेव चौधरी आणि त्यांचे मावसबंधू पितांबर चौधरी यांनी टिपून घेतले म्हणून हे धन उरले, आणि टिपले न गेलेले कायमचे गेले. टिपणारे हात शिकलेले होते. त्यामुळे ‘योगी आणि सासुरवाशीण’, ‘आखाजीचा सण’ अशी शीर्षके प्रमाण मराठीत आहेत आणि खालची गाणी बोलीत. गाण्यांच्या छापील रूपांतही ‘ण’ आणि ‘न’ यांची सरमिसळ दिसते. ज्या कवयित्रीचा सारा तर्क एका स्वरावर, एका प्रत्ययावर तोललेला आहे, तिच्या बाबतीत ही बाब केवळ शुद्धलेखनाची समजून चालणार नाही. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाईंचे नाव आहे. त्यांच्या गाण्यांची, आवृत्तीगणिक पाठभेद नोंदविणारी आणि आसोदा-जळगाव परिसरातील वृद्ध स्त्रियांच्या उच्चारांशी ताडून पाहिलेली चिकित्सक प्रत सिद्ध करण्याचे काम तेथील मराठी विभागाच्या आवाक्याबाहेरचे नाही. विजेच्या गिरण्या गावोगाव झाल्यापासून घरोट हा शब्द ज्यांच्या रोजच्या बोलण्यात होता, अशा स्त्रिया आता थोड्याच उरल्या आहेत.