पानिपतचा क्षण : बखरीतील आणि बखरीबाहेरील

१४ जानेवारी १७६१ रोजी मराठ्यांचे पारडे नेमके केव्हा फिरले, या प्रश्नाचे ‘भाऊसाहेबांची बखर’ देते ते उत्तर रणभूमीवर सापडत नाही. बखरकार आपली कथा कित्येक वर्षे मागे, उत्तरेतील मोहिमांपासून सुरू करतो. आणि त्याच्या लेखी खरा घात होतो तो मल्हारराव होळकर शिंद्यांना नजीबखान राखण्याची मसलत देतात तेव्हा. नजीब बुडाला की पेशव्यांना सरदारांची गरज उरणार नाही, असा त्या मसलतीचा आशय. हे संभाषण शब्दशः इतिहास म्हणून स्वीकारता येत नाही हे उघड आहे. परंतु टीकाकाराला ते टाकूनही देता येत नाही. कारण शेवट ठाऊक असलेल्या लेखकाने त्या ज्ञानाचा सारा भार या एका प्रसंगावर ठेवला आहे. जानेवारी १७६० मधील दत्ताजी शिंद्यांचा बुराडी घाटावरील मृत्यूदेखील त्याच्याच छायेत वाचला जातो.

काशीराजाची फारसी हकीकत याहून निराळी. शुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या या गृहस्थाने लढाई अब्दालीच्या पक्षाकडून पाहिली व सुमारे १७८० साली लिहून काढली. शेवट त्यालाही ठाऊक होताच. तरी दुपारपर्यंत मराठ्यांची सरशी होती हे तो मोकळेपणाने सांगतो. विश्वासराव पडल्यावर एवढी फौज पाहता पाहता नाहीशी झाली, याचा अचंबा त्याच्या लेखणीत टिकून राहिला आहे. बखरीत लढणारे आधीच ठरून गेलेल्या निकालाचे भोगवटादार वाटतात. त्यांची ती सकाळ त्यांना परत मिळते ती, आश्चर्य म्हणजे, शत्रुपक्षातील लेखकाकडून.

त्र्यंबक शंकर शेजवलकरांच्या ‘पानिपत : १७६१’ (१९६१) या ग्रंथात प्रश्नाचे स्वरूपच पालटते. भाऊवरील जुने आरोप तपासताना ते रसद, अंतरे आणि पत्रव्यवहार यांकडे वळतात. गोविंदपंत बुंदेले डिसेंबर १७६० मध्ये मारले गेले, रसदेची आशा खुंटली, आणि वेढलेल्या छावणीची उपासमार वाढत गेली. येथे ‘क्षण’ उरतच नाही. उरतात ते आठवडे. विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ (१९८८) या कादंबरीपुढील अडचण हीच आहे. भाऊविषयीची सहानुभूती तिला सहज साधते. पण सावकाश वाढणारी भूक आणि एका दुपारचा कोसळ, ही दोन कालमाने एकाच कथनात बसविणे तितके सोपे नाही.