नोंदीत नाही, म्हणजे नाहीच का?



आजचा विषय ऐकून काहींच्या मनात आलं असेल, की उभा जन्म तत्त्वज्ञान शिकवण्यात घालवलेल्या माणसाला बागांचं आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचं काय पडलं आहे? शंका रास्त आहे. तिचं उत्तर आम्ही एका घरगुती प्रसंगाने देतो.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. जळगावचा मे तुम्हाला सांगायला नको. पारा चव्वेचाळीस-पंचेचाळिसाला टेकतो, आणि आमच्या वयाच्या माणसाने फिरायचं तर ऊन वर यायच्या आत. नातू सुट्टीला आला होता. त्याने मोबाइलवरच्या एआय सहायकाला विचारलं, "आजोबांना पहाटे साडेपाचला फिरायला जवळ कुठली सार्वजनिक बाग आहे?" सहायकाने लांबच्या दोन मोठ्या बागांची नावं दिली, आणि पुढे फार आदबीने सांगितलं, की तुमच्या वस्तीत सार्वजनिक बाग नाही. आम्ही बसलो होतो तिथून दोनशे पावलांवर आमच्या कॉलनीची खुली जागा आहे. चार कडुनिंब, एक पिंपळ, सिमेंटची पाच बाकं. निवृत्तीपासून आमच्या मंडळाची पहाट तिथेच उजाडते. नातू म्हणाला, "आजोबा, त्याला माहीत नाही." आम्ही म्हणालो, "माहीत नाही, असं तो म्हणाला का? तो तर 'नाही' म्हणाला."

'माहीत नाही' आणि 'नाही' यांत जे अंतर आहे, तेच आजच्या व्याख्यानाचं सूत्र.

आधी ही सगळी जोडणी म्हणजे काय, ते पाहू. एआय सहायक जे बोलतो, ते मूळ त्याने वाचलेल्या प्रचंड मजकुराच्या आधारावर. हे वाचन एका तारखेला थांबलेलं असतं. त्यामुळे आज सकाळी बाग उघडी आहे की बंद, हे त्या वाचनातून कळणं शक्यच नाही. मग उपाय काय? त्याला बाहेरच्या चालू नोंदींशी जोडायचं. प्रश्न आला, की तो त्या नोंदवहीकडे जातो, विचारतो, आलेलं उत्तर आपल्या भाषेत मांडतो. अशा जोडणीसाठी अँथ्रॉपिक या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' नावाचं खुलं मानक प्रसिद्ध केलं. प्रत्येक नोंदवहीसाठी वेगळा पूल बांधण्यापेक्षा सगळ्यांनी एकाच मापाचा पूल बांधावा, एवढीच त्यातली कल्पना.

अमेरिकेत हे उद्यानांच्या बाबतीत झालेलंही आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडे चारशेहून अधिक स्थळं आहेत. त्यांची माहिती, तंबू ठोकायच्या जागा, कार्यक्रम आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे धोक्याच्या सूचना, हे सगळं ही सेवा संगणकाला वाचता येईल अशा रूपात खुलं ठेवते. हौशी प्रोग्रामरांनी त्यावर पूल बांधले. आता तिथला माणूस सहायकाला विचारू शकतो, की अमुक उद्यानातला रस्ता आज बंद आहे का, आणि उत्तर त्या सेवेच्या नोंदीतून येतं.

यात चांगलं काहीच नाही, असं आम्ही म्हणणार नाही. एखाद्या अंध माणसाला फलक वाचता येत नाही. त्याला हे बोलून सांगता येईल. गुडघे दुखणाऱ्या बाईला बागेत पायऱ्या आहेत की उतार, हे घरून निघण्याआधी कळेल. साक्रीकडचा एखादा पोरगा उद्या अहिराणीत विचारेल, "लळिंगना धबधबाले पानी शे का?" आणि त्याला अहिराणीत उत्तर मिळेल. आमची तक्रार पुलाविषयी नाही. पुलाच्या पलीकडे काय आहे, त्याविषयी आहे.

आता आमच्या शास्त्राकडे येऊ. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत: प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणीतरी सांगितलेलं. पण कुणीही सांगितलेलं नव्हे, आप्ताने सांगितलेलं. आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे बरं का. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळलेली आहे आणि जशी कळली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. वात्स्यायनाने तर स्पष्ट केलं आहे, की हे लक्षण ऋषीला लागू तसंच म्लेंच्छालाही लागू. विद्वत्तेची, जातीची, पदाची अट नाही. अट आहे ती पाहिलं असण्याची आणि खरं सांगण्याची.

या कसोटीवर सहायक आप्त आहे का? नाही. त्याने लळिंगचं कुरण पाहिलेलं नाही. पाहिलंय कुणी? तिथल्या वनरक्षकाने, गुरं चारणाऱ्याने, बागेत पाणी घालणाऱ्या माळ्याने. सहायक फार तर त्यांचा शब्द आपल्यापर्यंत आणू शकतो. म्हणजे त्याची जागा जुन्या काळच्या कोतवालाची. कोतवाल दवंडी पिटायचा. पण गावकरी त्याच्या आवाजावर विश्वास ठेवत नसत. हुकूम कुणाचा आणि कुठल्या दिवसापासूनचा, हे त्या दवंडीतच असायचं. आजचा सहायक दवंडी उत्तम पिटतो. हुकूम कुणाचा, हे मात्र सांगायचं विसरतो. चालू नोंद, तीन वर्षांपूर्वीची बातमी आणि कुणा प्रवाशाची ऐकीव टीप, हे तिन्ही तो एकाच ठाम सुरात ऐकवतो. सुरावरून प्रामाण्य ठरवायची सवय आपल्याला आधीच आहे, त्यात ही भर.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा. भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती आणखी एक प्रमाण मानतात, अनुपलब्धी. जमिनीवर घडा दिसत नाही, यावरून घडा नाही हे कळतं. पण त्यांनी एक अट घातली: घडा असता तर दिसला असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, मध्ये पडदा नको. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही, म्हणून घडा नाही असं म्हणता येत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात.

आता हा निकष आमच्या कॉलनीच्या जागेला लावा. नोंदवही पूर्ण असती, तर 'नोंद नाही' वरून 'बाग नाही' म्हणणं ठीक होतं. पण खानदेशातल्या शहरांची नोंदवही म्हणजे अंधारी खोली आहे. मोठ्या बागा तिच्यात आहेत, कारण त्यांचे फोटो निघतात. आपल्या बहुसंख्य माणसांची खरी बाग मात्र ले-आउटमधली खुली जागा. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मनोरंजनासाठी मोकळी सोडावी लागते. अशी तरतूद आधीच्या नियमांतही होती. म्हणजे धुळ्यात देवपुरात काय, जळगावात पिंप्राळ्याकडे काय, अशा जागा मंजूर नकाशांवर आहेत. नकाशे नगररचना विभागाच्या कपाटात आहेत. आणि सहायकाचा पूल कपाटापर्यंत जात नाही.

तुम्ही म्हणाल, यात काय बिघडलं? म्हातारे आपले फिरताहेत ना! बिघडतं ते असं. खुल्या जागेवर आधी वीट येते, मग पत्रा येतो, मग कुंपण, मग कुणाचं तरी कार्यालय. हे आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलंय. जागा होती, हे सांगणारी म्हातारी माणसं एकेक करून जातात. पुढच्या पिढीने विचारलं, की इथे बाग होती का, तर उत्तर कोण देणार? तोच सहायक, आणि तो म्हणणार 'नाही'. उद्या एखाद्या नगरसेवकाने कुठल्या वॉर्डात बागांवर किती खर्च करावा हे त्यालाच विचारलं, तर बागा आहेत तिथेच पैसा जाईल, कारण नसलेल्या बागेला दिवा कोण बसवणार? अंधारातल्या अनुपलब्धीचं असं रोकडं नुकसान होतं.

तिसरा मुद्दा जिवाशी आहे. धोक्याची सूचना नाही, याचा अर्थ धोका नाही असा होत नाही. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पुण्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. आता आपल्याकडे या. यावल तालुक्यातलं मनुदेवीचं स्थान सातपुड्याच्या कुशीत आहे. खाली ऊन असतं आणि वर डोंगरात पाऊस कोसळत असतो. ओढा का फुगला, हे खालच्या माणसाला कळायच्या आत पाणी अंगावर येतं. पायथ्याचा माणूस पाण्याचा रंग बदलला की मुलांना हाक मारतो. ही हाक कुठल्या नोंदवहीत आहे? अमेरिकेतल्या पुलाचं खरं मोल बागांच्या यादीत नाही, धोक्याच्या सूचनांत आहे. आणि त्या सूचना कुणीतरी पगारी, जबाबदार माणूस रोज भरतो म्हणून आहेत. तो माणूस नसताना नुसता पूल बांधला, तर सहायक निर्धास्तपणे म्हणेल, "कोणतीही सूचना नाही, अवश्य जा." गप्प बसलेल्या नोंदवहीला त्याने होकार समजलं, तर ती चूक तर्काची असली तरी किंमत कुणाच्या तरी लेकराला मोजावी लागते.

चौथी गोष्ट थोडक्यात. नोंदवहीचे रकाने कुणी पाडले, यावरही बरंच ठरतं. लळिंगच्या रानात लांडोर बंगला आहे. मनोरंजनाच्या रकान्यात टाकला तर तो एक निसर्गरम्य बंगला. पण १९३७ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा तिथे मुक्काम झाला होता, आणि दरवर्षी ३१ जुलैला लोक तिथे अभिवादनाला येतात. मनुदेवीलाही लोक धबधबा पाहायला जातात त्याहून जास्त कुलदैवत म्हणून जातात. यावल अभयारण्यात पावरा, तडवी यांची घरं आहेत. त्यांच्यासाठी ते रान 'आउटडोअर' नाही, अंगण आहे. परदेशातले रकाने उचलून आपल्या डोंगरावर ठेवले, तर माहिती खरी असूनही चित्र खोटं होतं.

आता पूर्वपक्ष ऐकू, तो ऐकल्याशिवाय निघायची आमची पद्धत नाही. काही तरुण मित्र म्हणतात, "सर, आधी जोडू द्या. लोक विचारू लागले, चुका दिसू लागल्या, की नोंदी आपोआप सुधारतील." यात तथ्य आहे. आमच्याच नातवाने प्रश्न विचारला नसता, तर आम्ही तरी आज कुठे बोललो असतो? पण 'आपोआप' हा शब्द आम्हाला मान्य नाही. दुसरं म्हणजे, चूक दिसायला ती चूक आहे हे माहीत असणारा माणूस समोर लागतो. दोनशे पावलांवर राहणाऱ्याला ती दिसली. चाळीसगावहून पाटणादेवीला निघालेल्या परगावच्या कुटुंबाला ती कशी दिसणार?

पाटणादेवीचं नाव निघालंच आहे, तर तिथल्या शिलालेखाची आठवण करून देतो. शके ११२८ चा तो लेख. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्याला दान दिलं, ही त्यातली हकिकत. वंशाची थोरवी संस्कृतात आहे. पण मठाला कुणी काय द्यायचं, हा व्यवहाराचा भाग त्या काळच्या मराठीत कोरला आहे. ज्याला पाळायचं, त्याला समजलं पाहिजे ना! कुणी, कुणाला, केव्हा, काय, हे सारं एका दगडावर आणि ज्या जागेविषयी आहे त्याच परिसरात. आठशे वर्षांपूर्वीची ही नोंद आजही प्रमाण म्हणून वापरता येते, ती याच कारणाने.

आम्ही मागतो ते याहून जास्त नाही. बाग असो की अभयारण्य, प्रत्येक नोंदीबरोबर ती पाहिली कुणी, केव्हा, आणि चुकली तर विचारायचं कुणाला, हे असावं. सहायकाने उत्तर देताना ते लपवू नये. आणि नोंद नसेल तिथे त्याने 'नाही' न म्हणता 'मला माहीत नाही, तिथल्या माणसाला विचारा' असं म्हणावं. सरकारकडून वेगळा कायदाही नको. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याचं चौथं कलम कार्यालयांना न मागता माहिती प्रसिद्ध करायला सांगतंच, आणि ती देताना स्थानिक भाषेचा विचार करायलाही सांगतं. स्कॅन करून चिकटवलेल्या वाकड्या कागदाने त्या कलमाचं समाधान होतं, असं आम्हाला वाटत नाही.

पण सगळं कार्यालयांवर ढकलून घरी जायचं, हेही बरोबर नाही. आमच्या फिरायच्या मंडळाने मंजूर ले-आउटच्या प्रतीसाठी अर्ज केला आहे. तिघांनी जागेची फेरी मारली. बाकं पाच, त्यातलं एक मोडकं. दिवे सात, चालू तीन. फाटकाला कुलूप नाही. उत्तरेकडून चाकाची खुर्ची येऊ शकते. खाली तारीख टाकली, तिघांनी सह्या केल्या. नातवाने ती जागा ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांच्या नकाशावर चढवली. वात्स्यायनाच्या व्याख्येने आम्ही तिघे त्या जागेपुरते आप्त झालो.

परवा त्याने सहायकाला पुन्हा तोच प्रश्न विचारला. अजून तो 'नाही'च म्हणतो. आम्ही रोज पहाटे तिथे असतो. तुमच्या कॉलनीतली जागा कुठे आहे, तिच्यात दिवे किती, हे इथे बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येईल, हे प्रत्येकाने मनाशी विचारावं, आणि उद्या सकाळी जाऊन मोजावं.

आता प्रश्न घेऊ या.