प्रॉम्प्ट व रसविचार

मराठी रंगभूमीशीं ज्यांचा थोडाबहुत परिचय आहे, त्यांस 'प्रॉम्प्टर' ही व्यक्ति नवी नाहीं. विंगेच्या आडोशाला संहिता हातांत धरून बसावें, नट अडखळला कीं पुढील शब्द हलक्या आवाजांत पुरवावा, आणि प्रेक्षकांस आपल्या अस्तित्वाची गंधवार्ताहि लागूं देऊं नये, हा त्याचा धर्म. आज त्याच शब्दास एक निराळा अर्थ प्राप्त झाला आहे. कृत्रिम बुद्धीच्या यंत्रास उद्देशून कांहीं ओळी लिहावयाच्या व त्यांवरून यंत्रानें हलतें-बोलतें चित्र निर्माण करावयाचें. त्या ओळींस 'प्रॉम्प्ट' म्हणतात. पूर्वीचा प्रॉम्प्टर दुसऱ्यानें लिहिलेले शब्द पुरवीत असे. आतांच्यास ते स्वतः लिहावे लागतात, आणि त्याच्यापुढें नट म्हणून कोणी उभाच नसतो.

या लेखनास चांगलें केव्हां म्हणावें, वाईट केव्हां, आणि आपल्या साहित्यविचाराचा त्याच्याशीं कांहीं संबंध पोंचतो काय, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखांत घेतला आहे. हें वाङ्मयच नव्हे, मग त्याची चिकित्सा कशाला, असा आक्षेप येईल. परंतु पत्रें आणि बखरी हींहि एके काळीं व्यवहाराचींच साधनें होतीं. शब्दाची निवड चुकली असतां जेथें परिणाम तत्काळ डोळ्यांपुढें उभा राहतो, त्या लेखनाकडे टीकाकारानें पाठ फिरविणें आम्हांस बरें वाटत नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति पाहूं. 2024 च्या फेब्रुवारींत ओपनएआय या अमेरिकन संस्थेनें 'सोरा' नामक यंत्राचीं चित्रें जगापुढें मांडलीं. लिखित वर्णनावरून मिनिटापर्यंतचें चलच्चित्र तें करूं शके. 2025 च्या मे महिन्यांत गूगलनें 'व्हिओ 3' पुढें आणलें. त्याची एक चित्रफीत आठ सेकंदांची, परंतु तींत आवाज व संवादहि होते. आठ सेकंद हें मान ऐकून कोणास हंसूं येईल. पण 1895 सालीं पॅरिस येथें ल्युमिएर बंधूंनीं दाखविलेलीं आणि 7 जुलै 1896 रोजीं मुंबईच्या वॉटसन हॉटेलांत प्रथम आलेलीं चित्रें तरी प्रत्येकी सुमारें पन्नास सेकंदांचींच होतीं. त्या बंधूंचें 1895 मधील माळ्याचें चित्र प्रसिद्ध आहे. माळी नळीनें पाणी घालीत आहे, एक पोरगा नळीवर पाय देतो, पाणी थांबतें, माळी नळीच्या तोंडांत डोकावतो, पोरगा पाय काढतो. एक कारण व एक कार्य, एवढ्यावर तें चित्र उभें आहे. आपल्या दादासाहेब फाळक्यांनींहि 1913 च्या 'राजा हरिश्चंद्रा'पूर्वीं, 1912 सालीं, मटाराच्या रोपाची वाढ चित्रित केली होती. तेथेंहि पात्र एक आणि क्रिया एक. अल्प काळांत अल्पच मावतें, हें या आद्यांस परिस्थितीनें शिकविलें. आजच्या प्रॉम्प्टलेखकास तें बुद्धिपुरःसर शिकावें लागतें. आठ सेकंदांत नायिकेनें जागें व्हावें, पत्र वाचावें, रडावें आणि आगगाडी पकडावी, असें जो लिहितो त्यास अर्धवट जागी, अर्धवट रडणारी आणि भिंतींतून आगगाडींत शिरणारी नायिका मिळते. दोष सर्वस्वी यंत्राचा नव्हे.

यंत्र काम कसें करतें, हें थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. त्यास असंख्य चित्रें व त्यांचीं वर्णनें दाखविलेलीं असतात. चित्रावर धुळीसारखे विस्कळीत ठिपके पसरावे आणि ते कसे निवळावे याचा अभ्यास त्याजकडून करवावा, ही त्याची शाळा. पुढें नुसती धूळ देऊन 'यांतून अमुक काढ' असें सांगितलें म्हणजे तें शब्दांच्या धोरणानें टप्प्याटप्प्यानें धूळ निवळीत जातें. लहान चित्रफितीचे सर्व क्षण बहुधा तें एकत्रच घडवितें. आधीं हें, मग तें, असा कथेकऱ्याचा क्रम त्याचे ठायीं नसतो. सोराच्या कर्त्यांनीं आपल्या यंत्राचीं वैगुण्यें स्वतःच कबूल केलीं होतीं: मनुष्य बिस्किटाचा घांस घेतो, पण बिस्किटावर दातांची खूण उरत नाहीं, डाव्या-उजव्याचा घोटाळा होतो, कालक्रमानें घडणाऱ्या गोष्टी नीट साधत नाहींत. ज्यास हें ठाऊक आहे, तो लेखक 'नंतर' हा शब्द जपून वापरील.

त्याच प्रसंगीं प्रसिद्ध झालेला टोकियोच्या रस्त्याचा प्रॉम्प्ट या प्रकाराचा नमुना म्हणून पाहण्याजोगा आहे. रात्रीच्या झगमगत्या रस्त्यानें एक स्त्री चालत येते. तिचें काळें चामडी जाकीट, लांब तांबडा झगा, काळे बूट, हातांतील पिशवी, काळा चष्मा, ओठांवरील लाली, हें सर्व लेखकानें नांवानिशीं सांगितलें आहे. रस्ता ओला असून त्यांत दिव्यांचें प्रतिबिंब पडतें, हें वाक्य तर सर्वांत मोलाचें. कारण त्या एका ओलाव्यानें साऱ्या चित्राचा प्रकाश ठरून जातो. क्रिया मात्र एकच, चालण्याची. स्त्री 'ऐटबाज' आहे असें आरंभींच सांगितलें आहे तें वायां गेलें. जाकीट आणि चष्मा यांनीं तें काम केलेंच होतें. चित्रांत चालतां चालतां तिचा डावा पाय क्षणभर उजवा होतो, असें बारकाईनें पाहणारांच्या ध्यानीं आलें. तो यंत्राचा प्रमाद, लेखनाचा नव्हे. लेखन म्हणून पाहतां, नामांवर भिस्त व विशेषणांचा संकोच हा त्याचा गुण निर्विवाद आहे.

याच्या उलट, बाजारांत प्रॉम्प्टच्या ज्या तयार जंत्र्या फिरतात, त्यांतून 'अप्रतिम', 'भव्य', 'सिनेमासारखें', 'हृदयस्पर्शी' अशा शब्दांचा नुसता सडा पडलेला असतो. येथें आपल्या साहित्यशास्त्राचें स्मरण झाल्यावांचून राहत नाहीं. रसाचें किंवा भावाचें नांव घेऊन तो उत्पन्न करूं पाहणें, हा 'स्वशब्दवाच्यता' नामक दोष मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त रसदोषांमध्यें गणिला आहे. 'येथें करुणरस आहे' असें म्हटल्यानें कोणाचे डोळे ओलावत नाहींत. विभाव व अनुभाव यांची योजना करावी लागते. हा नियम या नव्या प्रकारास जितका लागू पडतो, तितका कवितेलाहि क्वचितच पडत असेल. 'दुःखी म्हातारा' लिहावें, तों यंत्र पाऊस, खिडकी आणि गालावरचा एक ठरीव अश्रु आणून ठेवतें. 'म्हातारा दोन कप मांडतो, एकांतच चहा ओततो, दुसरा कप पालथा घालतो' असें लिहावें, म्हणजे दुःखाचें नांवहि न घेतां तें दिसूं लागतें. भरतमुनींनीं सांगितलेले अभिनयाचे चार प्रकार प्रॉम्प्ट लिहितांना पुढें ठेवावे, असें आम्ही सुचवूं. हातापायांची हालचाल हा आंगिक, ध्वनि व संवाद हा वाचिक, वेष व देखावा हा आहार्य. या तिहींची आज्ञा करतां येते. चौथा जो सात्त्विक, त्याची आज्ञा करतां येत नाहीं. पहिल्या तिहींच्या द्वारेंच त्याच्याकडे जावें लागतें. यांत कॅमेऱ्याची जागा व चाल यांची भर घातली कीं साहित्य पुरें झालें. कॅमेरा मात्र एका वेळीं एकच कांहीं करील असा लिहावा: पुढें सरकेल, किंवा वळेल, किंवा स्थिर राहील. शिवाय नकार या यंत्रांस बहुधा उमजत नाहीं. 'हत्ती नको' म्हटलें कीं हत्तीच पुढें यावयाचा. म्हणून जें हवें तेंच सांगावें, हें शहाणपणाचें.

येथपर्यंत जुनें शास्त्र नव्या कामास आलें. परंतु एके ठिकाणीं तें उलटें फिरतें, आणि आमच्या मतें सर्व प्रश्नाचें मर्म तेथेंच आहे. आनंदवर्धनानें ध्वनीस काव्याचा आत्मा म्हटलें. काव्यांत जें न बोललेलें असतें, तें सहृदय वाचक आपल्या अनुभवानें भरून काढतो. म्हणून तेथें मौन ही संपत्ति. यंत्र सहृदय नाहीं. आपण जें न बोललों तेंहि भरून काढतें, परंतु आपल्या अनुभवानें नव्हे. जगांतील जीं चित्रें त्यानें अधिकांत अधिक पाहिलीं त्यांच्या सरासरीनें. येथें मौन हें कर्ज होय, आणि तें परक्या सावकाराकडून फेडलें जातें.

याचा अनुभव प्रस्तुत लेखकास एका लहानशा प्रयत्नांत आला. प्रथम त्यानें लिहिलें: 'कोंकणांतील पावसाळी सकाळ, अत्यंत सुंदर, काव्यमय, हृदयस्पर्शी.' आलें तें चित्र कोणत्याहि प्रवासी कंपनीच्या भिंतीवर शोभलें असतें. हिरवेगार डोंगर, कोठून येतो तें न कळणारा धबधबा, आणि कोरड्या ठणठणीत भरजरी साडींत आपल्याकडे पाहून हंसणारी एक तरुणी. कोंकण त्यांत औषधालाहि नव्हतें. दुसऱ्या खेपेस लिहिलें तें असें: 'कौलारू घराची पडवी, पहांटेचा करडा उजेड. छपराच्या कडेवरून पागोळ्या अंगणांतील दगडावर पडत आहेत. साठीची एक स्त्री, फिक्या हिरव्या नऊवारी लुगड्यांत, पडवीच्या कडेशीं उभी आहे. ती हात पुढें करून पागोळीखालीं पितळी तांब्या धरते. कॅमेरा स्थिर, तिच्या कमरेच्या उंचीवर. आवाज फक्त पावसाचा आणि तांब्या भरूं लागल्याचा.'

चित्र पुष्कळ सुधारलें. तरी तांब्याच्या जागीं कान असलेली किटली आली, आणि लुगडें तीनदां सांगूनहि सहावारी साडीच होऊन आलें. तेव्हां 'तांब्या' हें नांव सोडून 'गोल पोटाचें, अरुंद गळ्याचें, किंचित् उमललेल्या ओठांचें पितळी भांडें' असें लिहावें लागलें, आणि भांडें साधलें. कासोट्यासाठीं 'लुगड्याचा मधला भाग दोन्ही पायांमधून मागें नेऊन कमरेशीं खोंवलेला' असें लिहिलें. तो मात्र अर्धामुर्धाच साधला. ज्या वस्तु जन्मापासून हाताळल्या त्यांचें वर्णन करण्याचा प्रसंग आपणांवर आजवर कधीं आलाच नव्हता, हें त्या वेळीं जाणवलें. 'तांब्या' म्हटलें कीं मराठी वाचकास तांब्या दिसतो; त्या एका शब्दावर आपण किती विसंबून असतों! यंत्रापुढें तो शब्द लंगडा पडला आणि लेखकास तांब्याकडे जणुं प्रथमच पाहावें लागलें. हा लाभ लहान नव्हे.

पण यांतच धोकाहि आहे. तांब्याची किटली झाली ती यंत्राच्या खोडसाळपणामुळें नव्हे. त्यास दाखविलेल्या जगांत किटल्या पुष्कळ व तांबे थोडे, म्हणून. लुगड्याचें, पागोळीचें, पडवीचें चित्रासह नेमकें वर्णन आपण जगाच्या संग्रहांत फार थोडें ठेवलें आहे. उद्यां आपलीं मुलें कोंकणचा पाऊस अशाच चित्रांतून पाहूं लागलीं, तर प्रवासी कंपनीचें कोंकण हेंच त्यांस खरें वाटेल, आणि पडवींत उभी असलेली आजी चुकीची वाटेल. शब्दांचा आळस येथें केवळ शैलीचा दोष राहत नाहीं. त्यानें वस्तूच पुसली जाते. म्हणून प्रॉम्प्ट लिहिणारानें नेमकें लिहावें, एवढें सांगून आमचें समाधान होत नाहीं. ज्यांस लिहितां येतें त्यांनीं आपल्या भोंवतालच्या वस्तूंचीं साधीं, खरीं वर्णनें चित्रांसह करून ठेवावीं. हें काम कवितेइतकें मानाचें नसेल, पण आज तितकेंच निकडीचें आहे.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून हा विचार पुरा व्हावयाचा नाहीं. ज्या लेखणीनें पाहिलेली पडवी उभी राहते, त्याच लेखणीनें न घडलेला पूर, न झालेली सभा, न बोललेल्या मनुष्याचें भाषणहि उभें राहूं शकतें. नाटकाच्या प्रेक्षकास आपण नाटक पाहत आहों हें ठाऊक असतें. त्या ठावेपणावरच रंगभूमीचा प्रामाणिकपणा उभा आहे. जुन्या प्रॉम्प्टरनें विंगेंत लपावें हेंच त्याचें शील होतें. नव्यानें मात्र पुढें यावें आणि 'हें मीं यंत्राकडून करविलें आहे' असें स्वच्छ सांगावें, हें त्याचें शील.

एकंदरींत पाहतां हा लेखनप्रकार लहान आहे, आणि यंत्रें सुधारतील तसतशा त्याच्या कांहीं युक्त्या निरुपयोगीहि होतील. पण क्षेमेंद्रानें ज्यास औचित्य म्हटलें, तें योग्य जागीं योग्य वस्तु ठेवण्याचें भान जुनें होणार नाहीं. आठ सेकंदांकरितां सहा ओळी लिहावयास बसलेल्या मनुष्यास आपण काय पाहिलें आणि काय नुसतेंच ऐकलें, याचा हिशेब द्यावा लागतो. तो हिशेब त्यानें चोख ठेवला, तर चित्र कसेंहि येवो, त्याचें मराठी मात्र पूर्वीपेक्षां सुधारलेलें असेल.