घाटाचा हिशेब निकालात का नाही?

हौशी शर्यतीचा निकाल आला की तुम्ही आधी काय बघता? वेळ, मग क्रमांक. सपाट रस्त्यावर हे दोन आकडे पुरतात. मावळात पुरत नाहीत, आणि माझी तक्रार नेमकी तिथेच आहे.

ही सवय जुनी आहे. १ मे १९०३ रोजी लंडनच्या शेअर बाजारातली मंडळी ब्रायटनपर्यंत चालत गेली, सुमारे ८४ किलोमीटर. सगळी कचेरीत बसणारी माणसं. पहिल्या आलेल्या एडगर ब्रॉडला साडेनऊ तास लागले. त्या शर्यतीचा इतिहास सांगताना हाच आकडा पुढे येतो. वाटेतल्या टेकड्या त्यात विरघळून जातात. १९०८ मध्ये चालणं ऑलिंपिकमध्ये आलं. एक पाय सतत जमिनीला टेकलेला हवा, हा या खेळाचा गाभा. म्हणजे कसं चालायचं याचा नियम आहे, कशावरून चाललात याला निकालात जागा नाही.

आपल्याकडे एका शर्यतीने मात्र ही जागा केली. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. पुण्यात पहिला येणारा वेगळा असू शकतो. खोपोली ते खंडाळा हा टप्पा वेगळा मोजायचा असतो, हे सायकलवाल्यांना कधीच कळलं होतं.

पायी शर्यतींनी हा धडा फारसा घेतलेला नाही. लोणावळ्यात २०१८ पासून टाटा अल्ट्रा मॅरेथॉन होते. ५० आणि ३५ किलोमीटर हे तिचे मुख्य गट. अशा डोंगराळ शर्यतीनंतरही आपण एकमेकांना विचारतो काय, तर "किलोमीटरला किती मिनिटं पडली?" आणि मध्ये चाललेला माणूस ओशाळून सांगतो, "घाटात चाललो रे थोडा."

त्याने ओशाळायचं कारण नाही. २००२ मध्ये अल्बेर्तो मिनेत्ती आणि सहकाऱ्यांनी ४५ टक्के उतारापासून ४५ टक्के चढापर्यंत चालण्या-धावण्याला लागणारी ऊर्जा मोजली. सपाटीवर एक मीटर धावायला चालण्याच्या साधारण दुप्पट ऊर्जा लागते. ४५ टक्के चढावर हा फरक जवळजवळ मिटतो: वजनाच्या दर किलोमागे, दर मीटरला चालायला सुमारे १७ ज्यूल, धावायला १९. २०१६ च्या एका अभ्यासात तर साधारण १६ अंशांपेक्षा तीव्र चढावर, वर चढण्याचा वेग सारखा ठेवून, चालणंच स्वस्त पडलं. घाटाचा डांबरी रस्ता इतका तीव्र नसतो, पण तिकोन्याची पायवाट चढून बघा.

उतारही फुकट नसतो. चालणं सगळ्यात स्वस्त पडतं ते १० टक्के उतारावर. त्याहून तीव्र उतारावर स्नायूंना ब्रेकचं काम करावं लागतं आणि खर्च पुन्हा वाढतो. त्यामुळे "चढलो तेवढंच उतरलो, हिशेब बरोबर झाला" हे चूक.

मग वेळेला एखाद्या सूत्राने गुणून 'सपाट वेळ' काढायची का? घड्याळातली ॲप्स तसं काहीतरी करतातच. मला ते पटत नाही. मिनेत्तींचे आकडे प्रयोगशाळेतल्या पट्ट्यावरचे आहेत आणि ते डोंगरी शर्यतींचा सराव असलेल्या दहा जणांचे आहेत. पावसाळी निसरडा दगड, दमट हवा, पन्नाशीतला हौशी माणूस, यांतलं काहीच त्या सूत्रात नाही. एक फसवा आकडा काढून त्या जागी दुसरा बसवण्यात अर्थ नाही.

साधं काहीतरी करता येईल. निकालात एकूण चढ मीटरमध्ये छापा. घाटाच्या पायथ्याशी आणि माथ्यावर वेळ नोंदवा. वेळेची मर्यादा ठरवताना अंतराबरोबर चढही धरा. कारण हौशी शर्यतीत खरा प्रश्न पहिल्या तिघांचा नसतोच. मर्यादेनंतर दहा मिनिटांनी पोचलेला माणूस कागदावर 'अपूर्ण' ठरतो. सगळं अंतर तो आलेला असतो, घाट त्याने स्वतःच्या पायांनी चढलेला असतो, पण उद्या कुणी या शर्यतींचा इतिहास लिहायला बसलं तर त्याला हा माणूस सापडणार नाही.

पुढच्या शर्यतीचं नाव नोंदवताना आयोजकांना एवढंच विचारा: चढ किती, आणि मर्यादा ठरवताना तो धरलाय का?