थिन पूलच्या प्रतीचा प्रश्न

लिनक्स कर्नेलच्या ३.२ या आवृत्तीत, जानेवारी २०१२ मध्ये, 'डिव्हाइस मॅपर'च्या थिन पद्धतीचा अंतर्भाव झाला. या पद्धतीत डिस्कवरील जागा आगाऊ राखली जात नाही. लेखन होईल तसतशी ती समाईक पूलमधून ब्लॉकाब्लॉकाने दिली जाते. एक टेबीबाइट क्षमतेचा म्हणून जाहीर झालेला व्हॉल्यूम प्रत्यक्षात शंभर गिबीबाइटच अडवीत असेल, तर उरलेली क्षमता केवळ कागदोपत्री असते. स्नॅपशॉटही याच न्यायाने निघतो. प्रारंभी मूळ व्हॉल्यूमचे व त्याचे ब्लॉक एकच असतात. या सोयीमुळेच स्नॅपशॉटला बॅकअप समजण्याचा प्रमाद घडतो. पूलची डिस्क वा मेटाडेटा निकामी झाला की मूळ आणि स्नॅपशॉट दोन्ही एकदमच हातचे जातात. प्रत पूलबाहेर नेलीच पाहिजे, आणि साधनांची परीक्षा तेथे सुरू होते.

त्यांतील सर्वांत जुने साधन डीडी. त्याला मेटाडेटाची जाणीवच नाही. वरील व्हॉल्यूमची प्रत काढताना ते सबंध टेबीबाइट वाचते, न दिलेल्या जागी आढळणारी शून्ये दुसऱ्या थिन व्हॉल्यूमवर इमानेइतबारे लिहून काढते, आणि प्रतीचा विरळपणा नाहीसा होतो. 'स्पार्स' हा पर्याय दिल्यास शून्यांचे लेखन टळते खरे. परंतु लक्ष्य व्हॉल्यूम कोरा नसेल तर तेथील जुना मजकूर तसाच राहतो. पहिल्या दोषात जागा जाते, दुसऱ्यात प्रतीचा खरेपणा.

थिन डेल्टा हे साधन अधिक मूलगामी आहे. चौसष्ट किबीबाइटच्या ब्लॉकांत मोजल्यास एका टेबीबाइटचे १,६७,७७,२१६ ब्लॉक होतात. त्यांतील मजकूर ताडून पाहण्याऐवजी हे साधन दोन स्नॅपशॉटांचे नकाशे मेटाडेटातून वाचते आणि समान, भिन्न, केवळ जुन्यात असलेले व केवळ नव्यात असलेले ब्लॉक एक्सएमएलमध्ये सांगते. त्याचा निर्णय स्थानाविषयीचा असतो, आशयाविषयीचा नव्हे. तोच मजकूर पुन्हा लिहिला गेला तरी ब्लॉक भिन्नच ठरतो. ही चूक सुरक्षित बाजूची असल्याने क्षम्य होय. मात्र एक मेबीबाइटचा ब्लॉक निवडणाऱ्यास चार किबीबाइटच्या फरकासाठी तो सगळाच वाहून न्यावा लागतो. पूल चालू असताना नकाशाही बदलत असतो. म्हणून आधी मेटाडेटाचा स्नॅपशॉट राखून ठेवावा लागतो, आणि काम संपताच तो मोकळा करावा लागतो, कारण एका वेळी असा एकच राखता येतो.

खरा आक्षेप पुढेच आहे. थिन डेल्टा फरक सांगते, वाहून नेत नाही. झेडएफएस व बीटीआरएफएस यांना प्रेषण-ग्रहणाच्या आज्ञा अंगच्याच आहेत. येथे तो सांधा वापरणाऱ्याच्या स्क्रिप्टवर सोडला आहे. 'भिन्न' आणि 'केवळ नव्यात' हे दोनच वर्ग उचलणारी स्क्रिप्ट वरकरणी निर्दोष दिसते. पण 'केवळ जुन्यात' म्हणजे दरम्यान डिस्कार्ड झालेले ब्लॉक. ते प्रतीत रिकामे केले नाहीत, तर पुसलेला मजकूर प्रतीत जिवंत राहतो. फाइल सिस्टिम त्या भागाला मोकळी जागा समजत असल्याने कोणताही इशारा मिळत नाही. गोपनीय म्हणून नष्ट केलेली नोंद बॅकअपमध्ये सापडावी, याहून विपरीत ते काय!

थिन डंपने काढलेली मेटाडेटाची नोंद जवळ असली म्हणजे निभावते, हा समजही तितकाच फोल. सातबारा जपल्याने पिकाचे रक्षण होत नाही.

लिनबिटच्या थिन सेंड व थिन रिसीव्ह या जोडीने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली आहे. ती डंप व डेल्टा यांचाच आधार घेते, आणि तिच्या प्रवाहात मजकुराबरोबर ब्लॉक रिकामे करण्याची आज्ञाही जाते. तथापि दोन्ही बाजूंस तोच जुना स्नॅपशॉट शाबूत असावा लागतो; एकीकडचा हटवला गेला की पूर्ण प्रत पुन्हा आरंभापासून. शिवाय प्रत मुळाशी जुळते काय हे निःसंशय पाहायचे, तर साध्या मार्गाने दोन्ही बाजू संपूर्ण वाचून चेकसम ताडावा लागतो. आणि डीडीवर घेतलेला सबंध टेबीबाइट वाचण्याचा आक्षेप तेथे परत उभा राहतो.